दक्षिणा, वृत्ति आणि वेतन : शिक्षकाच्या योगक्षेमाचीं कांहीं साधनें

(१)

विद्येस राजाश्रय असावा, हें मत आपल्या देशांत सहसा कोणीं नाकारलेलें नाहीं. मतभेद आहे तो निराळ्या ठिकाणीं. आश्रय म्हणून दिलेलें द्रव्य कोणाच्या हातीं पडे, कोणत्या निमित्तानें पडे, आणि पुढील वर्षीं तें पुन्हां मिळेल अशी लेखी हमी घेणाराजवळ असे कीं नसे, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें काळपरत्वें बदलत गेलीं आहेत. तीं उत्तरें ताम्रपट, शिलालेख, दफ्तरें आणि सरकारी तक्ते ह्यांत विखुरलेलीं आहेत. त्यांतील कांहीं निवडक साधनें एकत्र मांडून एक अनुमान वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें अनुमान असें कीं, शिक्षकाच्या निर्वाहाची तरतूद जेथें लेखी, कायम आणि विद्यार्थ्याच्या ऐपतीपासून अलग होती, तेथेंच विद्येवरील खर्च हा शिक्षणावरचा खर्च होता. इतरत्र तो विद्वानांचा सन्मान होता. सन्मान ही चांगली गोष्ट खरी, परंतु तिनें शाळा चालत नाहीं.

(२)

प्रथम शास्त्राची भूमिका पाहूं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास वर्ज्य अशा ब्राह्मणांची जी यादी आहे तींत भृतकाध्यापक, म्हणजे वेतन ठरवून शिकविणारा, ह्याची गणना आहे. त्याजपाशीं शिकणाराही तेथेंच बसविला आहे. कालिदासानेंही मालविकाग्निमित्रांत, केवळ उपजीविकेसाठीं विद्या बाळगणारास वाण्याच्या पंक्तीस बसविलें आहे. ह्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, प्राचीनांस शिक्षकाच्या पोटाची चिंताच नव्हती. परंतु ही समजूत बरोबर नाहीं. शास्त्रानें निषेध केला तो विद्यार्थ्याशीं सौदा करण्याचा. शिक्षकाच्या निर्वाहाचा नव्हे. अध्यापक हाही गृहस्थच. त्यानें शिष्याशीं घासाघीस करूं नये असें म्हटल्यावर त्याच्या घरची चूल दुसऱ्या कोणीं तरी पेटती ठेवणें प्राप्त होतें. तो दुसरा म्हणजे राजा, ग्राम किंवा श्रेणी. आणि त्या तजविजीचें नांव वृत्ति. वृत्तीचा हा अर्थ पोथ्यांपेक्षां शिलालेखांत अधिक स्पष्ट दिसतो.

(३)

सोलापुराहून दक्षिणेस भीमा ओलांडली म्हणजे इंडी तालुका लागतो. आज तो कर्नाटकांत विजापूर जिल्ह्यांत मोडतो. तथापि १८३८ सालीं जी सोलापूर कलेक्टरी निर्माण झाली तींत इंडीचाही समावेश होता. ह्या तालुक्यांतील सालोटगी येथें शके ८६७, म्हणजे इ. स. ९४५ चा एक संस्कृत शिलालेख आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण ह्याचा मंत्री नारायण ह्यानें येथें एक शाला बांधविली, आणि तींत निरनिराळ्या जनपदांतून आलेले विद्यार्थी राहूं लागले, असें त्या लेखावरून कळतें.

ह्या लेखाचें महत्त्व इमारतीच्या वर्णनांत नाहीं. तें त्यांतील कलमांत आहे. दिव्यांच्या खर्चासाठीं १२ निवर्तनें जमीन निराळी तोडून दिली आहे. अध्यापकासाठीं ५० निवर्तनें जमीन आणि राहण्यास घर, असें स्वतंत्र कलम आहे. शिवाय गांवच्या लोकांनीं आपल्या घरच्या मंगलकार्यांत शालेस कांहीं द्यावयाचें ठरविलें आहे : विवाहास पांच नाणीं, उपनयनास त्याच्या निम्मीं, चौलास त्याच्याही निम्मीं.

येथें तीन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, अध्यापकाची तरतूद विद्यार्थ्यांच्या तरतुदींत मिसळलेली नाहीं. ती वेगळी मोजून दिली आहे. दुसरी, ती व्यक्तीस दिलेली नसून स्थानास दिलेली आहे. आजचा अध्यापक गेला तरी उद्यांच्या अध्यापकास ती जमीन आहेच. तिसरी, मंत्र्यानें शाला उभारली म्हणून गांव मोकळा झाला नाहीं. ज्याच्या घरीं लग्नकार्य असेल तो त्या आनंदांतून शालेचा वांटा काढी. मुलाच्या बापाकडून फी घेणें आणि साऱ्या गांवाकडून वर्गणी घेणें ह्यांतील भेद दहाव्या शतकांतील ह्या ग्रामस्थांस पुरता कळला होता.

(४)

दुसरें साधन खानदेशांतील. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणल्यापासून संशोधकांस परिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजोबांचे सिद्धांतशिरोमणि आदि ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटणास मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेव ह्यानें शके ११२८ मध्यें त्यास दान दिलें. लेखाचा पूर्वभाग संस्कृतांत व अखेरचा भाग जुन्या मराठींत आहे. भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक ह्या मराठी भागाकडे शब्दरूपांसाठीं पाहतात. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तो भाग म्हणजे एका विद्यापीठाचें जमेचें खातेंच होय. पाटणच्या बाजारांत विकावयास येणाऱ्या मालावर राजघराण्यास जो हक्क मिळे तो मठास लावून दिला आहे. गांवांत जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांपासून प्रत्येकीं ठराविक माप तेल मठास द्यावयाचें आहे.

राजानें येथें केवळ शिल्लक द्रव्यांतून देणगी दिली नाहीं. चालू उत्पन्नाचा एक प्रवाहच शाळेकडे वळविला. बाजार चालेल तोंवर सिद्धांतशिरोमणि शिकविणाराच्या घरीं दिवा लागेल, अशी ही योजना. संस्कृतांत स्तुति आणि मराठींत कर, ही वांटणीही अर्थपूर्ण आहे. स्तुति विद्वानांनीं वाचावयाची. कर मात्र तेल्यास आणि व्यापाऱ्यास समजला पाहिजे.

(५)

ह्यानंतर पेशवाईंतील श्रावणमास दक्षिणेकडे वळूं. तळेगांवीं सेनापति दाभाडे यांजकडे चालत असलेला हा दानधर्म, त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यानंतर पुण्यास पेशव्यांकडे आला. पुढें तो इतका वाढला कीं, नानासाहेबांच्या कारकीर्दींत १७५८ सालीं दक्षिणेचा आंकडा १८ लक्षांपर्यंत गेल्याची नोंद सांपडते. दूरदूरचे वैदिक व शास्त्री पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत जमत. शास्त्रांची परीक्षा होई, योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे, आणि त्या निमित्तानें शास्त्रचर्चेस उत्तेजन मिळे. ह्या उपक्रमाची थोरवी कमी लेखण्याचें कारण नाहीं.

परंतु सालोटगीच्या लेखाशेजारीं हा दानधर्म ठेवून पाहिला म्हणजे त्यांतील उणीव दिसूं लागते. दक्षिणा मिळे ती विद्वत्तेस, अध्यापनास नव्हे. एक शास्त्री वीस विद्यार्थी पोसून शिकवीत असो, दुसरा एकही विद्यार्थी न ठेवतां घरीं बसो. रमण्यांत दोघांची परीक्षा एकच. ती वर्षांतून एकदां मिळे, व्यक्तीस मिळे, आणि राज्याच्या भरभराटीबरोबर चढे किंवा उतरे. शिवाय हें सारें द्रव्य एका वर्णाच्या वांट्यास जाई. साऱ्या रयतेच्या वसुलांतून निघालेल्या ह्या लक्षावधि रुपयांत गांवच्या पोरांस अक्षरओळख करून देणाऱ्या पंतोजीसाठीं कलम नव्हतें.

(६)

ह्या पंतोजीची स्थिति काय होती? गांवगाड्यांतील वतनदारांच्या याद्या पाहाव्या. बारा बलुतेदारांचीं नांवें प्रांतपरत्वें थोडीं बदलतात. परंतु सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी ह्यांच्या पंक्तींत पंतोजी बसलेला आढळत नाहीं. अलुत्यांतही तो नाहीं. नांगर दुरुस्त करणारास खळ्यावर हक्क होता. पंचांग सांगणारास होता. मूळाक्षरें व उजळणी घोटून घेणारास नव्हता. तो ओसरीवर किंवा देवळांत मुलें जमवी, धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेई, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणवून घेई, मोडीचा कित्ता घालून देई, आणि मुलांचे बाप जें देतील त्यावर राही. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहून ठेविलें आहे कीं, शाळा नाहीं असें गांव क्वचितच आढळेल, आणि शिकविण्याचा मोबदला मूठदोन मूठ धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत असतो. पहिल्या विधानाचा उल्लेख अभिमानानें पुष्कळदां होतो. दुसरें सहसा कोणी उच्चारीत नाहीं.

१८२९ सालच्या सरकारी तक्त्याप्रमाणें मुंबई इलाख्यांत लोकसंख्या ४६,८१,७३५ असून १,७०५ शाळा व ३५,१५३ विद्यार्थी होते. त्यांपैकीं सरकारी शाळा अवघ्या २५ व त्यांत विद्यार्थी १,३१५. बाकीच्या १,६८० शाळा गांवच्या. हिशेब केला तर गांवच्या शाळेंत सरासरी वीस मुलें पडतात, आणि एकंदर लोकसंख्येंत दर १३३ माणसांमागें एक विद्यार्थी. पंतोजीचें उत्पन्न म्हणजे वीस घरच्या मुठी. दुष्काळांत प्रथम आटणारी मूठ हीच. ज्याच्या घरीं मूठभर धान्य नाहीं त्याचा मुलगा शाळेबाहेर. अस्पृश्य मानलेल्यांस व मुलींस बहुधा दारच बंद. शिक्षकाचें पोट बापाच्या मुठीवर ठेविलें म्हणजे शाळेचा उंबरठा बापाच्या ऐपतीइतका उंच होतो, हें ह्या तक्त्याचें तात्पर्य.

(७)

१८१८ सालीं राज्य गेलें. एल्फिन्स्टन यांनीं दक्षिणा एकदम बंद न करतां वर्षास ५०,००० रुपये राखून ठेविले, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्यास विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. पाठशाळेंतील शास्त्र्यांस दरमहा नेमणूक मिळूं लागली. जुनी दक्षिणा येथें वेतनाचें रूप घेऊं लागली, आणि ह्या पाठशाळेचीच परंपरा पुढें डेक्कन कॉलेजांत मिळाली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृतींनीं, दक्षिणेचें द्रव्य मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे लावावें असा अर्ज केला. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांसही ह्या फंडांतून साहाय्य मिळालें. रमण्यांतील द्रव्य मुलींच्या शाळेच्या दारीं पोंचावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

१८६३ पासून मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेण्याचा प्रघात पडला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लागला. पाटणच्या घाण्यावरील तेल आणि हा आणा, दोन्ही एकाच जातीचीं साधनें. परंतु वसूल होणें निराळें आणि शिक्षकास पोंचणें निराळें. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं नेमकें हेंच दुखणें पुढें मांडलें. महसूल मुख्यत्वें कष्टकरी रयतेचा, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. आणि उपाय सांगतांना त्यांनीं शिक्षकाचाच हिशेब मांडला. शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, शक्य तों शेतकरी वर्गांतला असावा, त्यास १२ रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं १५ किंवा २० असावा. ५० निवर्तनांच्या कलमानंतर शिक्षकाच्या निर्वाहाचा इतका स्पष्ट आंकडा मागणारें दुसरें साधन माझ्या पाहण्यांत नाहीं.

(८)

ह्याच सुमारास महाराष्ट्रांत दुसरा एक मार्ग निघाला. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिचे आजीव सभासद ७५ रुपयांवर वीस वर्षें सेवा करण्याची शपथ घेऊं लागले. ह्या त्यागापुढें मस्तक नम्र होतें. परंतु त्यागानें समाजास एक वाईट खोडही लागली. शिक्षकानें थोडक्यांत भागवावें हें भूषण ठरतां ठरतां तो नियम ठरला. त्या त्याग्यांपैकींच एक गोपाळ कृष्ण गोखले मात्र वेगळें शिकले. शिक्षणाचा भार थोड्या माणसांच्या त्यागावर न ठेवतां राष्ट्राच्या तिजोरीवर ठेवावा, ह्यासाठीं त्यांनीं मार्च १९११ मध्यें प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें; मार्च १९१२ मध्यें तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. पैसा नाहीं, ही सबब त्यांत होतीच. तथापि बडोद्यास सयाजीरावांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत व १९०६ मध्यें सर्व राज्यांत शिक्षण सक्तीचें केलें होतें, आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें तेंच केलें. संस्थानांस जमलें तें साम्राज्यास जमलें नाहीं, ह्याचा अर्थ वाचकांनींच लावावा.

स्वराज्यांत कोठारी आयोगानें राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणाकडे द्यावा असें सुचविलें. त्या आयोगाचे सभासद-कार्यवाह जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यांतील, आणि देशी शाळांच्या ह्याच जुन्या तक्त्यांचे अभ्यासक. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणांत तो आंकडा स्वीकारला गेला, २०२० च्या धोरणांत पुन्हां उच्चारला गेला; गांठला मात्र गेला नाहीं. २०१० पासून शिक्षण हा बालकाचा कायदेशीर हक्क झाला. शिक्षकाकडे पाहावें तर महाराष्ट्रांत २००० सालापासून नवा शिक्षक प्रथम तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून राहतो, आणि त्यास मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. २०२३ सालीं प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन ६,००० वरून १६,००० झालें. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु शब्द पाहावा. मानधन हें दक्षिणेच्या कुळांतलें आहे, वृत्तीच्या नव्हे. २०२० सालीं माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस जागतिक पारितोषिक मिळालें आणि त्यांनीं त्यांतील अर्धें इतर नऊ उमेदवारांस वांटून दिलें. जिल्ह्यास त्याचा अभिमान आहेच. परंतु पारितोषिक एकास गौरवितें. तरतूद सर्वांस उभें करते. गौरव करून तरतुदीचा विसर पडणें हा आपला जुना दोष आहे.

(९)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपण पोथ्या जमवितों, सनदा जमवितों, मुद्रा जमवितों. पंतोजीचा कागद मात्र आपल्या रुमालांत क्वचितच येतो, कारण त्यास सनद नव्हती आणि त्याच्या अक्षरास मोल नव्हतें. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, करमाळा, मंगळवेढें ह्या बाजूच्या जुन्या घरांतून मोडी कित्त्यांच्या वह्या, मुलांच्या नांवांपुढें धान्याचीं मापें टिपलेलीं यादीवजा पानें, गांवखर्चाच्या पटांतील शाळेकडील एखादी रक्कम, असे कागद निघणें संभवनीय आहे. ते वाळवीस किंवा रद्दीस जाऊं देऊं नयेत. मिळाल्यास तसेच ठेवावे, गांव व घर टिपून ठेवावें, आणि निदान नक्कल तरी मंडळाकडे पाठवावी. शिक्षकाच्या घरांत धान्य किती आलें ह्याचा जमाखर्च जोंवर आपण लावला नाहीं, तोंवर ह्या देशानें विद्येवर काय खर्च केला ह्याचें उत्तर अपुरेंच राहणार.