रेशनकाळातील नकली साय

युद्धाचा इतिहास जसा सरकारी दप्तरांत सापडतो, तसाच तो स्वयंपाकघरांतही सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील गृहिणी केकवर जी ‘मॉक क्रीम’, म्हणजे नकली साय, लावीत असत, तिची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

ब्रिटनचे अन्न बव्हंशी समुद्रमार्गे येई. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व बेकन या जिनसा रेशनवर आल्या. पुढे माणशी आठवड्याला लोणी अवघे २ औंस आणि साखर साधारण ८ औंस मिळू लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केकवर साखरेचा लेप देऊन तो विकण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा लग्नसमारंभात साध्या केकवर पांढऱ्या पुठ्ठ्याचे नक्षीदार आवरण ठेवण्याचा प्रघात पडला. शोभेचे काम झाले की आवरण परत जाई.

घरच्या केकचा प्रश्न मात्र पुठ्ठ्याने सुटणारा नव्हता. तेथे उपयोगी पडली ती शिजवलेली खळ. एका प्रचलित कृतीत अर्धा औंस कॉर्नफ्लोअर पाव पिंट दुधात कालवून मंद आचेवर शिजवीत. उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण ओलावा शोषून फुगतात, मिश्रण दाट होते आणि पिठाचा कच्चेपणा जातो. सतत ढवळले नाही तर गुठळ्या होतात. खळ पूर्ण निवू देणे हे या कृतीतील खरे मर्म होय. ती गरम असताना मिसळली तर मार्गारीन वितळते व फेसताना त्यात शिरलेली हवा निघून जाते. म्हणून दीड औंस मार्गारीन थोड्या साखरेबरोबर हलके होईपर्यंत फेसून त्यात गार खळ चमच्याचमच्याने घालीत. स्निग्धांश थोडा, साखर थोडी. तरी केकपुरती मऊ, पांढरी साय तयार होई. अमेरिकेत याच तत्त्वावर मैदा व दूध शिजवून, पण भरपूर लोणी घालून केलेले ‘अर्मिन फ्रॉस्टिंग’ रेड व्हेल्व्हेट केकवर लावण्याची जुनी पद्धत आहे.

या हकीकतीला दुसरीही बाजू आहे. ब्रिटनमध्ये सरदाराला व मजुराला लोण्यासाखरेचा वाटा कायद्याने सारखाच होता, आणि पाव तर युद्ध संपेपर्यंत रेशनवर आलाच नाही. त्याच साम्राज्यात १९४३ साली बंगालमधील भुकेलेली माणसे कलकत्त्याच्या दारोदारी भात नव्हे, तर भाताची पेज मागत फिरत होती. दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या काही अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले होते. कलकत्त्यात ते यावयास जानेवारी १९४४ ची अखेर उजाडली.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५३ मध्ये साखर व मे १९५४ मध्ये लोणी रेशनमुक्त झाले. नकली सायीची निकड संपली. कृती मात्र पाकपुस्तकांतून टिकून राहिली. तिच्यातील काटकसरीचे कौतुक अवश्य करावे. परंतु काटकसर करण्यासाठीही हाती काही वाटा यावा लागतो, आणि तो पोहोचविणे हे दप्तर सांभाळणाऱ्यांचे काम असते, याचे विस्मरण आपल्यासारख्यांना तरी होऊ नये.