समुद्रतळावरच्या दोन समाध्या

होळकरांच्या गौतमाबाईसाहेबांचे नाव लावणाऱ्या या गावात समुद्राचा विषय काढणे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपल्या घरांतली मुले हल्ली सुटीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरतात आणि परतल्यावर विचारतात, ‘आपल्याकडची बुडालेली लढाऊ जहाजे पाहायला का नेत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर १९७१ च्या डिसेंबरात आहे.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर विशाखापट्टणम बंदराबाहेर ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी स्फोट होऊन बुडाली. ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. तिचे जलावतरण १९४४ चे, आणि १९६४ मध्ये ती पाकिस्तानकडे गेली. आपली विमानवाहू ‘विक्रांत’ बुडवण्यासाठी ती आली होती. विक्रांत मात्र अंदमानच्या बाजूला सुरक्षित होती. आपल्या ‘राजपूत’ नौकेने टाकलेल्या बॉम्बमुळे हा स्फोट झाला, की गाझीतल्याच सुरुंगांमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. नौदलाचे पाणबुडे खाली उतरले आणि ती गाझीच असल्याची खात्री पटली. आतल्या नव्वदाहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही.

त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत स्वतः जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. आपण अस्थी नर्मदेत सोडतो. जहाजाबरोबर जे गेले, त्यांच्या घरच्यांना सोडायला अस्थीही मिळाल्या नाहीत.

आता खाली उतरण्याविषयी. हौशी पाणबुड्याची मर्यादा साधारण ४० मीटर. तिथे दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन जीवावर बेतते. गाझी आहे सुमारे १०० मीटरवर. नौदलाने खोल समुद्रातल्या बचावयानाच्या मदतीने तिचा ठाव घेतल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. पण मृतांचा मान राखून तिला हात लावला नाही.

म्हणजे प्रश्न केवळ खोलीचा नाही. तांबड्या समुद्रात १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवलेले ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज जेमतेम ३० मीटरवर आहे. त्याच्या पोटात सैन्यासाठी नेलेल्या मोटारसायकली, ट्रक आणि बूट होते. जगभरचे हौशी लोक तिथे उतरतात. काहींनी आठवण म्हणून वस्तू उचलून नेल्या. पर्यटकांच्या नावा बांधून बांधून सांगाडाही खिळखिळा झाला. त्या जहाजावर नऊ माणसे मेली, याची आठवण मात्र फार थोडे ठेवतात.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गावाचा तुर्रा आणि रुणजीची कलगी एकमेकांवर हिंगोट फेकतात. जखमा होतात, पण अंधार पडला की दोन्ही दळे घराकडे वळतात. त्या आठवड्यात समुद्रावर गेलेली दोन्हीकडची माणसे वळली नाहीत. खुकरीला कुणी हात लावू नये असे आपल्याला वाटते ना? मग तोच न्याय गाझीलाही लागतो. शत्रूची झाली, तरी ती समाधीच.

मुलांना मालवणचे प्रवाळ जरूर दाखवा. दीवला गेलात, तर खुकरीच्या स्मारकापाशी घटकाभर थांबा आणि हे सारे त्यांना सांगा. त्यासाठी पाण्यात उतरायची गरज नाही.