फ्रेडरिकने नाकारलेला सेनापती : अर्न्स्ट फॉन लाउडॉन

१७४०च्या दशकाच्या पूर्वार्धात रशियाची नोकरी सोडलेला एक तरुण अधिकारी प्रशियाच्या राजाकडे चाकरी मागायला बर्लिनला गेला. राजा फ्रेडरिक दुसरा याने त्याला परत पाठवले. या माणसाचा चेहराच आपल्याला पसंत नाही, असे काहीसे राजा म्हणाल्याची आख्यायिका आहे. त्या उमेदवाराचे नाव अर्न्स्ट गिडीऑन फॉन लाउडॉन.

पुढे याच लाउडॉनने ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून फ्रेडरिकला जेरीस आणले. त्यामुळे त्याचे चरित्र बहुधा सूडकथा म्हणून सांगितले जाते. गोष्ट म्हणून ते रंगतेही. पण त्याने जिंकलेल्या किल्ल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या रंगतीत हरवतो.

लाउडॉनचा जन्म १७१७ साली लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हियात झाला. घराणे जर्मनभाषक, ऐपत बेताची. पंधराव्या वर्षी तो रशियन सैन्यात दाखल झाला, तुर्कांविरुद्धच्या मोहिमांत लढला. मात्र तेथे त्याला भवितव्य दिसेना. बर्लिनच्या नकारानंतर व्हिएन्नाने त्याला कप्तानपद दिले, तेही ट्रेंकच्या पांडुर पलटणीत. लुटालूट आणि क्रौर्य यांसाठी ही पलटण युरोपभर कुप्रसिद्ध होती. ट्रेंकशी त्याचे बिनसले आणि ती नोकरीही सुटली.

त्यानंतरची सुमारे दहा वर्षे चरित्रकार दोन-चार ओळींत उरकतात. वास्तविक लाउडॉन घडला तो याच काळात. ऑटोमन साम्राज्याला लागून असलेल्या क्रोएशियातील लिका या सरहद्द प्रांतात तो मेजर होता. येथील शिपाई एरवी शेतकरी. लष्करी सेवेच्या मोबदल्यात त्यांना जमिनी मिळालेल्या. डोंगर-जंगलांत दबा धरणे, अचानक तुटून पडणे, शत्रूची रसद मारणे ही त्यांची युद्धरीत. कवायती रांगांवर विसंबणाऱ्या दरबारी सेनानींच्या लेखी हे दुय्यम दर्जाचे काम होते.

१७५८ साली त्या कामाचे मोल कळले. सप्तवार्षिक युद्धाचे ते तिसरे वर्ष. फ्रेडरिकने मोराव्हियातील ओल्म्युट्झला वेढा घातला होता. दारूगोळा आणि धान्य घेऊन सुमारे ४,००० गाड्यांचा तांडा त्याच्याकडे निघाला होता. ३० जून रोजी डोमश्टाट्लच्या खिंडीत लाउडॉन आणि सिश्कोविच यांनी त्याच्यावर दोन्ही बाजूंनी घाला घातला. मोजक्याच गाड्या फ्रेडरिकपर्यंत पोहोचल्या. दारूगोळ्याविना वेढा चालेना. दोन दिवसांत त्याला तो उठवावा लागला.

पुढच्या वर्षी, १२ ऑगस्ट १७५९ रोजी, कुनर्सडॉर्फ येथे रशियन सेनेच्या जोडीने लढताना लाउडॉनच्या घोडदळाने निर्णायक घाव घातला. सुमारे ५०,०००च्या प्रशियन सैन्यापैकी जवळजवळ १९,००० माणसे मृत, जखमी अथवा कैद झाली. फ्रेडरिकने सर्वनाश झाल्याचे लिहून कळवले. पण विजेत्यांनी पाठलागच केला नाही आणि प्रशिया तगला.

येथून लाउडॉन आणि सरसेनापती दाउन यांच्यातील तेढ वाढत गेली. दाउन सावध, जिंकलेले न गमावण्याकडे कल असलेला, लाउडॉन उतावळा. १७६० साली लाउडॉनने लांडेसहुट येथे फूकेचे सुमारे ११,००० सैन्य जवळपास संपवले. त्याच्या सैनिकांनी मग त्या गावाची जी लूट केली, ती गौरवगाथांतून सहसा गाळली जाते. त्यापाठोपाठ ग्लाट्झचा किल्ला पडला. पण १५ ऑगस्ट रोजी लीग्निट्झ येथे तो पहाटेच्या अंधारात फ्रेडरिकच्या सैन्यावर एकटाच जाऊन आदळला. दाउन मदतीला वेळेत पोहोचला नाही. लाउडॉनने ८,०००हून अधिक माणसे गमावली आणि दाउनवरचा त्याचा विश्वास उडाला. दोष मात्र सर्वस्वी दाउनचा नव्हता. लाउडॉनने पुढची टेहळणी नीट केली असती, तर इतका घात झाला नसता.

१ ऑक्टोबर १७६१ची श्वाइडनिट्झची घटना अधिक बोलकी आहे. सायलेशियातील या बलाढ्य किल्ल्याला वेढा घालायचा, तर आठवडे लागले असते. लाउडॉनने तोफांचा भडिमार न करता रात्री शिड्या लावून काही तासांत तो घेतला. यासाठी त्याने व्हिएन्नाच्या युद्धमंडळाची परवानगी घेतली नव्हती. अभिनंदनाआधी तेथे नाराजी उमटली, आणि चॅन्सेलर कौनिट्झला त्याची बाजू सावरून घ्यावी लागली. वर्षभरात प्रशियाने श्वाइडनिट्झ परत घेतले. १७६३च्या हुबर्टुसबुर्ग तहात ग्लाट्झही गेले.

शांततेच्या काळात दाउन आणि नंतर लासी यांच्या वर्चस्वामुळे तो मागे पडला. १७७० साली सम्राट योसेफ दुसरा आणि फ्रेडरिक यांची मोराव्हियात भेट झाली, तेव्हा फ्रेडरिकने लाउडॉनला आग्रहाने शेजारी बसवून घेतले. हा माणूस समोर असण्यापेक्षा शेजारी बरा, अशा आशयाचे तो बोलल्याचे सांगतात. व्हिएन्नात लाउडॉनची लोकप्रियताही एवढी होती, की हायडनच्या एका सिंफनीला त्याचे नाव जोडले गेले. या नावाने खप वाढेल, असा संगीतकाराचा चक्क व्यापारी हिशेब होता. सेनापती म्हणून १७७८च्या बव्हेरियन वारसा युद्धात मात्र त्याची कामगिरी फिकीच ठरली.

१७८८ साली तुर्कांशी चाललेले युद्ध अंगाशी येऊ लागले, तेव्हा योसेफने सत्तरी ओलांडलेल्या, प्रकृतीने खचलेल्या लाउडॉनला बोलावले. ८ ऑक्टोबर १७८९ रोजी, सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर, बेलग्रेड शरण आले.

दुसऱ्याच वर्षी प्रशियाशी पुन्हा युद्धाची चिन्हे दिसू लागली. त्या तयारीत असतानाच १४ जुलै १७९० रोजी मोराव्हियातील नॉयटिट्शाइन येथे तो वारला. दोन आठवड्यांच्या आत प्रशियाशी समझोता झाला आणि १७९१च्या सिस्टोव्हा तहाने बेलग्रेड तुर्कांना परत देण्यात आले. तेथून आणलेले तुर्की लेखांचे दगड मात्र व्हिएन्नाजवळच्या हाडर्सडॉर्फला, त्याच्या समाधीच्या परिसरातच राहिले.