पाय उचलला की गाडी थांबते : एका सवयीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

विजेवरची मोटार प्रथमच चालवणाऱ्या मुरलेल्या चालकाची बहुधा पहिल्याच सिग्नलला फसगत होते. अनेक वर्षांच्या सवयीने तो सिग्नलच्या बराच अलीकडे ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. गाडी आपल्या वेगाने घरंगळत पुढे जाईल, अशी त्याच्या पायाची समजूत असते. प्रत्यक्षात कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती मंदावते आणि थांबरेषेच्या कितीतरी अलीकडे उभी राहते. मागे बसलेली मंडळी पुढे झुकतात.

या पद्धतीला ‘वन-पेडल ड्रायव्हिंग’ म्हणतात. पेडल दाबले की वेग वाढतो, सैल सोडले की कमी होतो. पाय उचलताच चाकेच मोटर फिरवू लागतात, मोटरचे जनित्र होते आणि गाडीची गती विजेच्या रूपाने बॅटरीत परतते. हे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणजे एकविसाव्या शतकाचा शोध, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही.

मुळात कोणत्या पेडलचा काय अर्थ, हेही कधी काळी ठरलेले नव्हते. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तीन पेडले होती, पण त्यांत ॲक्सिलरेटर नव्हताच. तो स्टिअरिंगजवळच्या दांडीवर असे. मधले पेडल दाबले की गाडी मागे जाई आणि ब्रेक उजवीकडे. आजचा चालक त्या गाडीत बसला, तर थांबण्याच्या प्रयत्नात उलटा जाईल. आज ‘नैसर्गिक’ वाटणारी क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर ही मांडणी त्यानंतर हळूहळू रूढ झाली.

याच्याही आधी, १८९० च्या दशकात, पॅरिसमध्ये लुई क्रीगर याने विजेच्या घोडागाडीवजा मोटारी बनवल्या. उतरताना किंवा थांबताना वीज परत मिळवण्याची सोय त्यांत होती. पण या कल्पनेची खरी परीक्षा झाली ती इंग्लंडच्या ट्राममार्गांवर.

जॉन रॅवर्थ या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रामसाठी अशीच नियंत्रणपद्धती तयार केली. चालकाने हँडल मागे घेतले की मोटर वीज निर्माण करू लागे, ट्राम मंदावे आणि ती वीज वरच्या तारेत जाई. विजेचे बिल उतरणार म्हणून नगरपालिका खूश झाल्या. डेव्हनपोर्ट, रॉटनस्टॉल, बर्मिंगहॅम अशा ठिकाणी ही पद्धत वापरात आली.

तिची मेख एका साध्या गोष्टीत होती. निर्माण झालेली वीज घेणारा कोणीतरी हवा. ट्रामचा दांडा तारेवरून निसटला, तर विजेला वाट उरत नाही, आणि वाट नाही तर विजेचा ब्रेकही नाही. हाताने लावायचा यांत्रिक ब्रेक असतो. पण रोज केवळ हँडल मागे घेऊन थांबणाऱ्या माणसाचा हात त्या क्षणी तिकडे जाईल का? १९११ मध्ये रॉटनस्टॉल येथे अपघात झाला आणि ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने ट्रामवरील ही पद्धत बंद करायला लावली.

तरीही कल्पना मेली नाही. पुढच्या दोन दशकांत ती सह्याद्रीत अवतरली.

बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. चढण्याची चिंता सगळ्यांनाच दिसते. रेल्वेवाल्यांची झोप मात्र उतारानेही उडते. शेकडो टनांची गाडी लोखंडी ठोकळे चाकांवर घासत खाली आणायची, तर ठोकळे झिजतात, चाके तापतात आणि तापलेला ब्रेक नेमका हवा तेव्हा कमी पडतो.

१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. त्याच सुमारास जीआयपी रेल्वेने मालगाड्यांसाठी ४१ विद्युत इंजिने आणली. त्यांतली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे बनलेली होती, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. जोडदांड्यांनी फिरणारी चाके, सांध्यांत दुमडणारे अंग आणि उभे असतानाही कण्हल्यासारखा येणारा आवाज. लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’. हा खेकडा घाट उतरताना वीज तयार करी. ती वरच्या तारेतून घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. खंडाळ्याकडून उतरणाऱ्या मालगाडीने कर्जतहून चढणाऱ्या गाडीला हात द्यावा, अशी ही व्यवस्था! गाडीचा यांत्रिक ब्रेक मात्र कोणी काढून टाकला नाही.

रस्त्यावर ही विद्या पोहोचली नाही, कारण पेट्रोलच्या इंजिनाला गतीचे पुन्हा पेट्रोल करता येत नाही. तिथे तिचा एक दूरचा भाऊबंद नांदत होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा जुना नियम. त्यात वीज मिळत नाही, पण पाय उचलल्यावर गाडी आवरली जाते. म्हणूनच की काय, ऑटोमॅटिक गाडीवर हात बसलेल्या शहरी चालकापेक्षा जुना घाटचालक ही नवी पद्धत लवकर ओळखू शकेल.

२००९ मध्ये बीएमडब्ल्यूने ‘मिनी ई’ या विद्युत मोटारी अमेरिका, जर्मनी, ब्रिटन येथील सामान्य ग्राहकांना चाचणीसाठी दिल्या. त्यांत पाय उचलताच जोराचा ब्रेक लागे. लोक वैतागतील, अशी शंका होती. केम्निट्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकांचा अभ्यास केला तेव्हा उलटेच दिसले. माणसे लवकर रुळली आणि ब्रेकच्या पेडलचा वापर घटत गेला. पुढे २०१३ ची ‘आय३’ आणि २०१७ ची नवी निसान लीफ केवळ पाय उचलून पूर्ण थांबू लागल्या. भारतात टाटांच्या नेक्सॉनमध्येही पाय उचलल्यावर किती ओढ लागावी, हे चालकाला ठरवता येते.

रुळणे इतके सोपे निघाले आणि अडचण तिथेच सुरू झाली. ब्रेकला पाय न लावता गाडी मंदावते, तर मागच्याला लाल दिवा कसा दिसणार? संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांना म्हणून आकडा घालून द्यावा लागला. मंदन १.३ मीटर प्रति सेकंद वर्ग याहून अधिक झाले, की पाय कुठेही असो, दिवा लागलाच पाहिजे. त्याहून गंभीर भीती घाबरलेल्या पायाची. दिवसभर एकाच पेडलवर राहिलेला पाय संकटात सवयीने तेच पेडल दाबेल, ही ती भीती. चीनने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ब्रेकविषयक मानकात तर असे ठरवले, की कारखान्यातून आलेली गाडी मूळ स्थितीत केवळ पाय उचलून पूर्ण थांबता कामा नये.

आणि रॅवर्थच्या ट्रामचा प्रश्न अजून तसाच आहे. लोणावळ्यात रात्री बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी खोपोलीकडे उतरणारी मोटार घ्या. खेकड्याला वीज द्यायला तार होती. या मोटारीला स्वतःची बॅटरी सोडून दुसरे कोणी नाही आणि ती काठोकाठ भरलेली. काही गाड्या अशा वेळी चाकांचे ब्रेक आपणहून लावून उणीव भरून काढतात. इतरांत पडद्यावर एक लहानसा इशारा उमटतो, ओढ नाहीशी होते आणि पाय उचलूनही गाडी उतारावर वेग घेत राहते. तेव्हा शेजारचे पेडल, महिनोन्‌महिने न दाबलेले, त्या पायाला आठवावे लागते.