पिठापासून चेहऱ्यापर्यंत : बेन्झॉइल पेरॉक्साइडचा प्रवास

मुरुमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या जेलमध्ये आणि फेसवॉशमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड हे प्रमुख द्रव्य आहे. त्वचेच्या औषधांत येण्याआधी ते पीठ पांढरे करण्यासाठी वापरले जाई. त्याचा हा इतिहास नेदरलँड्सच्या ओव्हरआयसेल प्रांताशी जोडलेला आहे. या प्रांतात पिठाआधी कापड पांढरे केले जाई, ते एनस्खेडे या जर्मन सीमेलगतच्या शहराजवळ.

एनस्खेडे हे कापडगिरण्यांचे गाव. ७ मे १८६२ च्या आगीत ते बेचिराख झाले आणि सुती कापडाच्या जोरावर पुन्हा उभे राहिले. मागावरून उतरलेले कोरे कापड पिवळसर असते. ते धुऊन शुभ्र केल्याखेरीज त्यावर रंग नीट चढत नाही. या कामासाठी १८८८ मध्ये जवळच्या बूकेलो गावी वाफेवर चालणारा कारखाना निघाला. तेथेच १९१८ मध्ये मिठाचा उद्योग सुरू झाला.

याच प्रांतातल्या डेव्हेंटर शहरात नूरी अँड व्हॅन डेर लांडे ही गिरणीमालकांची जुनी पेढी होती. ताजे पीठ पिवळसर दिसते आणि महिनोन्महिने साठवल्यावर आपोआप पांढरे होते. पेढीने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात बेन्झॉइल पेरॉक्साइडची पूड बाजारात आणून ही प्रतीक्षा संपवली. शुद्ध, कोरडे पेरॉक्साइड उष्णतेने किंवा घर्षणाने भडकते. म्हणून ते कॅल्शियम फॉस्फेटमध्ये मिसळून विकले जाई. युरोपीय संघात पीठ असे पांढरे करायला आज परवानगी नाही. बूकेलोची मीठ कंपनी आणि डेव्हेंटरची पेढी या दोन्ही पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आक्झो या रसायन-समूहात आल्या.

मुरुमांवर पूर्वी गंधक आणि रेसॉर्सिनॉल यांची मलमे चालत. १९५० मध्ये अमेरिकेत आलेले क्लिअरॅसिल त्याच परंपरेतले. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वापर १९६० च्या दशकापासून रुळला. त्वचेवर त्याचे विघटन होऊन ऑक्सिजनचे क्रियाशील कण सुटतात. मुरुमांतले जंतू ऑक्सिजनविरहित जागी वाढणारे असल्याने ते मरतात. जंतू प्रतिजैविकांना सरावतात तसे याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

युरोपीय संघात त्वचेच्या सौंदर्यप्रसाधनांत हे द्रव्य चालत नाही. ते औषध म्हणूनच विकावे लागते. सॅलिसिलिक आम्ल मात्र २ टक्क्यांपर्यंत चेहरा धुण्याच्या प्रसाधनांत असू शकते. नेदरलँड्समध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची विक्री कोठे करता येते, हे २००७ च्या औषध कायद्याने ठरते. त्यात फक्त औषधालय, औषधालय किंवा ‘द्रोखिस्ट’चे (चिठ्ठीविना औषधे आणि प्रसाधने विकणारे) दुकान, आणि सर्वसाधारण विक्री असे तीन वर्ग आहेत.

बेन्झॉइल पेरॉक्साइडची सुरुवात २.५ किंवा ५ टक्क्यांपासून, दिवसातून एकदा करावी. चेहरा कोमट पाण्याने, न घासता धुवावा. डोळे, ओठ आणि फुटलेली त्वचा टाळावी. पहिल्या आठवड्यांत कोरडेपणा आणि आग जाणवते. ती वाढली तर वापर कमी करावा. एकाच वेळी सॅलिसिलिक आम्ल किंवा स्क्रब वापरल्यास त्वचा आणखी चिडते. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वापर थांबवून तातडीने उपचार घ्यावेत. खोल, दुखऱ्या गाठी किंवा व्रण असतील तर डॉक्टरांकडे जावे. पिठाचा रंग घालवणारे हे द्रव्य कापडाचाही रंग घालवते. त्यामुळे टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच ठेवावा.