पावकी, पावली आणि पाच चमचे

परवा रात्री पानं घेताना लेकाला म्हटलं, "पाच चमचे आण रे." वय वर्षं साडेचार. शंभरापर्यंतचे आकडे घडाघडा म्हणतो, पाहुण्यांसमोर तर हमखास. गेला आणि मूठभर चमचे घेऊन आला. मोजले तर नऊ! "अरे, पाच सांगितले होते ना?" यावर साहेबांनी पुन्हा एकापासून म्हणायला सुरुवात केली. तोंड विसावर पोचलं, हात अजून चौथ्या चमच्यावर...

शाळेतून 'आकड्यांत कच्चा' असा शेरा आधीच आला होता, त्यामुळे मी जरा चिडलेच. बाबा सगळं बघत होते. मला वाटलं, आता पावकी-निमकीचं पुराण सुरू होणार. झालंही, पण वेगळंच निघालं.

ज्यांनी हे पाढे ऐकलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी मराठी शाळांत अपूर्णांकांचेही पाढे असत. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा. आज वाचताना हा मुलांचा छळ वाटतो. पण तेव्हाचा बाजार आठवून बघा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शेराची सोळा छटाकं, चाळीस शेरांचा मण. सगळा व्यवहार अर्ध्या-पावात चालायचा. चार आण्यांच्या नाण्याचं नावच पावली!

आजोबांचं गावात किराणा दुकान होतं. शाळा सुटली की बाबा गल्ल्यापाशी बसत. दीड आणे शेराची वस्तू अडीच शेर दिली तर किती? पावणेचार आणे. म्हणजे तीन आणे आणि वर तीन पैसे. हा 'पाऊण' बाबांच्या तळहातावर वाजत असे. आण्याचा पाव म्हणजे एक पैसा, हे त्यांना कुणी फळ्यावर शिकवलंच नाही.

"मग औटकीही येत असेल?" मी विचारलं.

"छे! औटकीपायी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, पण ती काही आली नाही. आमच्या दुकानात साडेतीनच्या भावाचं काही नव्हतंच ना!"

मी थक्कच झाले. एकच मुलगा, एकच डोकं. जे हाताला लागलं ते ऐंशीव्या वर्षी लख्ख आठवतंय, जे नुसतं तोंडात राहिलं ते गेलं.

पुढे 1 एप्रिल 1957ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. जुना आणा सव्वासहा नव्या पैशांचा, म्हणून एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस असं बसवलं. 1958च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमही टप्प्याटप्प्याने आले. हिशेब सोपा झाला, यात वाद नाही. पण आमच्या धाकट्या आत्याकडून मास्तरांनी पावकी तशीच पाठ करून घेतली. पाढा राहिला, त्याखालचं दुकान मात्र गेलं. आत्या आजही गणिताचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जाते. (आत्या, वाचत असशील तर रागावू नकोस!)

म्हणून 'जुने पाढे परत आणा' असं मला म्हणायचं नाही. उलट मला आठवतात त्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभारला. 1945 साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीत आल्या, सोबतीला अनुताई वाघ. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मोजायचं ते मुलाच्या रोजच्या जगातलंच. गल्ल्यावरच्या बाबांना जे योगायोगाने मिळालं, ते या दोघींनी ठरवून मुलांपुढे मांडलं.

आमच्याकडे ना दुकान, ना समुद्र. पंचवीस पैशांचं नाणंही 2011 साली चलनातून गेलं. पण पानं तर रोज मांडतो! आता शंभरापर्यंत म्हणून दाखवणं बंद केलंय. "आजोबांना एक, आजीला एक, बाबाला एक..." असं म्हणत तो स्वतः चमचे ठेवतो. काल बाबा गावाला गेले. लेकाने पाचवा चमचा हातात धरला, रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि न सांगता परत ठेवून आला.

"आज चारच," म्हणाला.

शाळेचा शेरा काय यायचा तो येवो.