टेप तपासायची कॅसेट

मांजरसुंब्याला चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. उत्तरेला घाट उतरला की पाली आणि बीड. दक्षिणेला चौसाळा, येडशी, तुळजापूर करत सोलापूर. पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई. पश्चिमेला पाटोदा, जामखेडवरून नगर. गाव लहान, फाटा मोठा. इथला सगळा धंदा थांबलेल्या माणसावर चालतो: चहा, रबडी, जेवण, पंक्चर. ऐंशीच्या दशकापासून पुढची काही वर्षं त्यात आणखी एक धंदा होता, गाडीतले टेप दुरुस्त करायचा आणि कॅसेटी विकायचा. आमचे चुलते, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो, हाच धंदा करत. पत्र्याचं खोकं, आत एक लाकडी टेबल, सोल्डरिंगची इस्त्री, स्पिरिटची बाटली, आणि भिंतीला खिळ्यांवर लटकलेले उघडे स्पीकर.

त्याआधी आमच्याकडे गाणं विकत मिळत नसे, भाड्याने मिळे. लग्नाला भोंगेवाला यायचा, त्याच्याकडे पेटीभर तबकड्या असायच्या. तो लावील ते गाव ऐकायचं. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ती चपटी कॅसेट खेड्यापर्यंत पोचायला वीस वर्षं लागली, पण आली तेव्हा तिने भोंगेवाल्याची सत्ता मोडली. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षं झाल्यावर, नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून पुन्हा काढता येई. त्या सोयीवर मोठा बाजार उभा राहिला. मुंबईतल्या छोट्या कंपन्यांनी त्यातच लोकगीतं, भक्तिगीतं, भीमगीतं भरायला सुरुवात केली. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे आणि पुढे त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे आमच्या फाट्यावर घरच्या माणसासारखे ओळखीचे झाले ते याच वाटेने. ‘नवीन पोपट हा’ वाजला नाही अशी गाडी तेव्हा विरळाच.

भीमगीतांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठवाड्यात कॅसेटचं मोल त्यावरून कळतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला आणि नाव प्रत्यक्ष दिलं गेलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळाली, माणसं मेली, गावंच्या गावं तणावात राहिली. त्या काळात वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीवस्तीत पोचली ती आधी गायनपार्ट्यांतून आणि मग टेपवर. रेडिओने आपलं गाणं लावावं म्हणून वाट बघत बसायची गरज उरली नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघत, मुकादमाकडून उचल हातात आलेली असे, तेव्हा एखादा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, नवा टेप नाही तर निदान दोन कॅसेटी आणि सेलांचा जोड घेऊनच कारखान्याची वाट धरी. कार्तिकी पौर्णिमेला शेजारच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला दिंड्या येत, तेव्हा अभंगांच्या कॅसेटी खपत. नानांच्या वर्षाची कमाई दसरा ते कार्तिकी एवढ्यात होऊन जाई.

नेमक्या याच वर्षांत, याच मुंबईत, याच कॅसेटवर दुसरं एक गाणं भरलं जात होतं. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीपुढचा. हा गिटार, ड्रम, कीबोर्डचा. महाविद्यालयांच्या महोत्सवांत असे बँड वाजत, पवईच्या आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजत, आणि धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरू लागला तिथेही. पण गाणी बहुतेक परदेशी बँडांची. ऐकणाऱ्यांना तीच हवी असत. स्वतःचं गाणं सुरू केलं की पुढून मूळ इंग्रजी गाण्याची फर्माईश येणार, ही रीतच होती. अशा वातावरणात रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतः रचलेल्या गाण्यांचा ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा अल्बम सीबीएसकडून काढला. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. आडनावं नुसती वाचली तरी मुंबई कळते.

मला हा अल्बम मोठा वाटतो, आणि आनंद शिंद्यांची कॅसेट मोठी वाटते त्याच कारणासाठी वाटतो. दोघांपुढेही सिनेमा भिंतीसारखा उभा होता. सिनेमात नसलेलं गाणं आपल्याकडे गाणं म्हणून मोजलंच जात नव्हतं. एकाने वस्तीची बोली घेऊन ती भिंत ओलांडली, दुसऱ्याने इंग्रजी घेऊन. आपल्या संगीताच्या इतिहासात मात्र यांची प्रकरणं कधी शेजारी येत नाहीत. लोकसंगीतावर लिहिणारा रंगभवनात गेलेला नसतो, रॉकवर लिहिणाऱ्याने उसाच्या गाडीतला टेप ऐकलेला नसतो. फाट्यावर वाढलेल्या माणसाला दोन्ही ऐकायला मिळाली, म्हणून हे मी लिहायला घेतलं.

रॉक मशीनची ती कॅसेट इथे दुकानदारीच्या वाटेने आली नाही. नाना माल आणायचे औरंगाबादच्या गुलमंडीतून, आणि त्यांच्या यादीत इंग्रजी नावाला जागा नव्हती. मी पुण्याला डिप्लोमाला होतो, तिथल्या खोलीतल्या मित्राकडून ती घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत घेऊन आलो. नानांनी ती लावली, डोळे मिटून पहिलं गाणं संपेपर्यंत ऐकली. म्हणाले, “शब्द काय कळंना. पण भरलीय लई साफ. ही इथंच राहू दे.”

तिचं पुढे काय झालं, ते मुंबईतल्या कुठल्या परीक्षणात येणं शक्य नव्हतं. नानांनी ती टेप तपासायची कॅसेट केली.

यात कारागिराचं डोकं होतं. टेपच्या हेडला बाजूला एक बारीक स्क्रू असतो. खडबडीत रस्त्यावर गाडी आदळून हेड केसभर तिरकं झालं की आवाजातला वरचा, धारदार भाग जातो. सिनेमाच्या गाण्यात गळा पुढे असतो, त्यामुळे हा दोष चटकन कळत नाही. भजनात टाळ असतात, पण घाईने, एकीवरून दुसरी अशा भरलेल्या त्या कॅसेटीत टाळांची धार मुळातच बोथट झालेली असे. रॉक मशीनच्या कॅसेटीवर ड्रमच्या झांजा स्वच्छ होत्या. नाना स्क्रू हलक्या हाताने फिरवत, झांज खुलली की थांबत. मग कीबोर्डचा लांबवलेला सूर. आतला रबरी पट्टा ढिला असेल तर तो सूर डुलतो, आणि डुलला की नाना पट्टा बदलत. शेवटी ड्रमचा खालचा ठोका. स्पीकरचा कागद फाटका असेल तर त्यावर फरफर होणारच. एका कॅसेटीत तिन्ही परीक्षा. दुसरी इतकी चांगली मिळाली नाही, असं ते अजून सांगतात.

त्यामुळे झालं असं की सोलापूरकडे निघालेले, धुळ्याकडे निघालेले, नगरकडे निघालेले कितीतरी चालक हा अल्बम ऐकून गेले. दुरुस्ती होईपर्यंत थोडा थोडा, पण जोरात. एका पंजाबी चालकाने ती विकत मागितली होती. नाना देईनात, तर तो तिथेच चहा घेत एक बाजू संपेपर्यंत बसला. नेकनूरच्या बाजाराहून बैल घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, “ह्यो कुणाचा गोंधळ हाय?” त्याला म्हणायचं होतं ते देवीच्या गोंधळाबद्दल, आणि ते मला तेव्हाही पटलं होतं. संबळ आणि तुणतुण्यावर रात्रभर आवाज चढवत नेणाऱ्या माणसाला गिटारीचा तो चढ परका वाटायचं कारण नव्हतं.

एखाद्या अल्बमचं स्वागत कसं झालं हे सांगताना आपण खप आणि परीक्षणं बघतो. मांजरसुंब्यात या कॅसेटीची एक प्रतसुद्धा विकली गेली नाही. तरी इथल्या शेकडो टेपांचा आवाज तिच्यावर जुळवला गेला, आणि त्या टेपांवर पुढे जे शिंदे, जे अभंग, जे भीमगीत वाजलं ते स्वच्छ वाजलं. हेही स्वागतच. मला ते मोठं वाटतं.

बँडचा दुसरा अल्बम ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये आला. त्यातल्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला १९९३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. भारतीय रॉकच्या गोष्टीत तो महिना आनंदाचा आहे. मराठवाड्यात तो महिना वेगळ्याच कारणाने कोरलेला आहे. २९ तारखेला गणपती बुडाले, रात्री उशिरापर्यंत मिरवणुकांत कॅसेटी वाजल्या, आणि ३० च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बीडकडून मदतीच्या गाड्या आमच्या फाट्यावरून केज, अंबाजोगाई, लातूर अशा जाऊ लागल्या. कितीतरी दिवस नानांनी टेप लावला नाही. गाड्यांवरच्या कर्ण्यांच्या वायरी तेवढ्या ते फुकट जोडून देत होते, कारण कुठल्या गावाला काय हवंय ते ओरडून सांगायला कर्णे लागत होते.

१९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ नावाचाच अल्बम निघाला आणि १९९७ ला बँड थांबला. मी तो अल्बम पुण्यात ऐकला. ही मंडळी इंग्रजी गाण्यात पाहुणी उरली नाहीत, हे त्यात मला स्पष्ट ऐकू आलं. मांजरसुंब्याला तो पोचला नाही. तोवर सीडी येत होती. पुढे एका चकतीत शेदीडशे गाणी बसू लागली, मग मेमरी कार्ड आलं आणि कॅसेट भरून देणारे कार्ड भरून देऊ लागले. हेडचा स्क्रू फिरवायला कुणी येईना. चौपदरी रस्त्याच्या कामात फाट्याची जुनी ठेवण गेली, नानांनी खोकं मागे सरकवलं आणि मोबाइलचं सामान ठेवलं. दुरुस्तीची इस्त्री अजून आहे, चार्जरच्या वायरींसाठी.

बँड २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ आला, त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलेलं, पर्ल जॅमचा पहिला अल्बम मिक्स करणारे तेच. मी तो फोनवर घेतला आणि गावी गेल्यावर नानांच्या चांगल्या स्पीकरला जोडला. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. थोडं ऐकून ते म्हणाले, “गाणारा तुझ्या त्या कॅसेटीतलाच हाय. ढोलवाला दुसराय.”

बरोबर होतं. गळा उदय बेनेगलांचाच, ड्रमवर मात्र जय रो कवी हा नव्या पिढीचा वादक आहे. मग त्यांनी आवाज वाढवला आणि पूर्ण अल्बम ऐकला. दुकानात आलेल्या पोराला स्क्रीनगार्ड लावून देतानाही तो बंद केला नाही.